कान्हेरी एका रात्रीत कोरलेली नाही

पाऊस सुरू झाला की मुंबईच्या ग्रुपांवर बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांबद्दल एक मेसेज फिरू लागतो. पांडवांनी ती एका रात्रीत कोरली, तिथे जगाशी संबंध तोडलेले बैरागी राहत, आणि डोंगरावर पाणी नसल्याने वस्ती लवकरच उठली, असं त्यात असतं. यातलं एकही खरं नाही.

एका रात्रीत? पहिल्या क्रमांकाचं लेणंच अर्धवट राहिलं आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, काही खांबांना कोरीव शीर्षं आहेत, बाकीचे साधेच सोडलेले. हे काम सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळचं; व्हरांड्यातल्या दोन उंच बुद्धमूर्ती काही शतकांनंतरच्या. शंभरावर लेणी कोरायला पिढ्यान्‌पिढ्या लागल्या. त्या पाथरवटांचं श्रेय पांडवांना देऊन टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

बैराग्यांचा एकांतही नव्हता. दान देणारे कल्याण, सोपारा, चौल, नाशिकचे, असं भिंतींवरच लिहिलं आहे. भिक्खूंच्या चीवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, खर्च भागावा म्हणून मंगलस्थान गावातलं शेत दिल्याची नोंद आहे. अभ्यासकांच्या मते ते गाव म्हणजे आपलं मागाठाणे. नव्वदाव्या लेण्यात तर १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख आहेत.

पाण्याचा दावा सगळ्यात चुकीचा. मुंबईत पाऊस भरपूर, पण चारच महिने. उरलेले आठ महिने कसे काढायचे, याचं उत्तर इथल्या कातळात खोदलेलं आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी पाण्याचं टाकं आहे. जुन्या लेखांत त्याला पोढी म्हटलंय, आणि पोढी खोदून देणं हेही दानच होतं. माथ्यावरून वाहून येणारं पाणी उथळ पन्हळींतून वळवून टाक्यात सोडलेलं. टाक्याचं तोंड लहान, म्हणून ऊन कमी लागतं. भर पावसात गेलात तर लेण्यांच्या आत नंतर बघा, आधी बाहेर उभं राहून पाणी कुठून कुठे जातं ते पाहा. वस्ती आखणाऱ्यांची हुशारी तिथे दिसते.

राहिलं वस्ती लवकर उठल्याचं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, ९व्या शतकात, म्हणजे पहिली लेणी कोरल्यावर आठशेच्या वर वर्षांनी, इथल्या भिक्खूंसाठी दान नोंदवलं गेलं: वस्त्रांसाठी, डागडुजीसाठी आणि ग्रंथांसाठी.