मालकाचं उत्तर : “एकच वाईन दोनदा पाजली”

नमस्कार,

आमच्या संगीतासोबत वाईन चाखण्याच्या कार्यक्रमात पहिल्या आणि तिसऱ्या ग्लासात एकच रेड वाईन होती, मध्ये फक्त संगीत बदललं, ही शुद्ध हातचलाखी आहे, असं तुम्ही लिहिलंय.

वाईन एकच होती. संगीताने चव वेगळी लागते का, हे अनुभवायलाच हा कार्यक्रम आहे. शेवटी बाटली समोर ठेवून आम्ही ते सांगतो, पण तुम्ही त्याआधीच उठलात. सुरुवातीला सांगून टाकलं तर माणूस चव घेतच नाही, चूक पकडायला बसतो. वाईन हवेत खुलते आणि हळूहळू कोमटही होते, म्हणून ते दोन ग्लास एकाच बाटलीतून एकदमच भरतो. दोन्हींची चव खर्जातल्या संगीतावर आणि चढ्या सुरातल्या पियानोवर, थोड्याच वेळाच्या फरकाने घ्यायची.

आणि तुम्हीच काय लिहिलंय बघा : “पहिली दमदार, तिसरी अगदीच पातळ.” ग्लासातलं टॅनिन (तुरटपणा देणारा घटक), आम्ल, अल्कोहोल जिथल्या तिथे होतं. खर्जाच्या साथीला तुरटपणा, जडपणा ठळक होतो. चढ्या सुरांवर लक्ष फळांच्या गोडव्याकडे आणि आंबटपणाकडे जातं. स्कॉटलंडमधल्या हेरियट-वॉट विद्यापीठात एड्रियन नॉर्थ यांनी 250 जणांवर असाच प्रयोग केला होता. 2012 साली तो प्रसिद्ध झाला. वाईन चिलीची, एक रेड, एक व्हाईट. भारदस्त संगीत ऐकणाऱ्यांना ती भारदस्त लागली, नाजूक संगीत ऐकणाऱ्यांना नाजूक. सगळ्यांनाच फरक कळतो असं नाही. तुम्हाला कळला, म्हणजे जीभ तयार आहे. (राग आला तरी हे कौतुकच समजा.)

“महाग बाटल्या खपवायला गाणी लावता” हा आरोप मात्र हवेतला नाही. वाईनच्या दुकानात शास्त्रीय संगीत लावलं की गिऱ्हाईक जास्त किमतीची बाटली उचलतं, असं 1993 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. म्हणूनच आमच्या विक्रीच्या काउंटरवर स्पीकर नाही. आवाजही टेबलावर बोलता येईल इतकाच असतो. गोंगाटात गोडवा दबतो, मग प्रयोगाला अर्थ उरत नाही.

पैसे परत मागितलेत, ते मिळणार नाहीत. पण पुन्हा आलात तर तीच वाईन संगीताशिवाय देऊ, आमच्या खर्चाने. बाटली तुम्हीच उघडा, ग्लासही तुम्हीच भरा.