दोन तासांत ‘फुल डिटेलिंग’ : घड्याळ लावून केलेला हिशेब

‘गाडीचे फुल डिटेलिंग हे दोन तासांचे काम आहे, दुकानदार गाडी दोन-दोन दिवस ठेवून घेतात ती फक्त बिल फुगवण्यासाठी,’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटागटांतून फिरत असतो. डिटेलिंग म्हणजे गाडीची आतून-बाहेरून बारकाईने केलेली सफाई आणि पॉलिश. त्यातला हिशेब असा मांडलेला असतो : धुण्यापुसण्याला अर्धा तास, मशीनने पॉलिशला एक तास, आतल्या सफाईला अर्धा तास, चार माणसे लावली तर त्याहूनही कमी, आणि कोटिंग (रंगावर चढवायचा संरक्षक थर) केले तरी गाडी लगेच रस्त्यावर काढता येते. मी हा धंदा करत नाही. पुण्यात राहतो, स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांवर सुटीच्या दिवशी हे काम हौसेने करतो आणि वेळ लिहून ठेवतो. त्या नोंदींच्या आधारे या हिशेबातले एकेक कलम तपासावे म्हणून हे लिहितो आहे.

अर्ध्या तासात गाडी धुतली जाते, यात खोटे काहीच नाही. मात्र डिटेलिंगमधले धुणे हे पुढच्या कामासाठी रंगाचा पृष्ठभाग तयार करणे असते. सुरुवात चाकांपासून होते, कारण ब्रेक पॅडची काळी भुकटी रिमच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेली असते आणि कोकणात जाऊन आलेल्या गाडीच्या मडगार्डखाली लाल मातीचे थर वाळलेले असतात. मग फोम मारून तो काही मिनिटे मुरू द्यायचा, एका बादलीत शांपू आणि दुसरीत मिट (गाडी धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळण्यासाठी साधे पाणी घेऊन वरून खाली धुवायचे. यानंतर लोहकण काढणारे द्रावण फवारतात. ते तीन ते पाच मिनिटांत रंगात रुतलेल्या लोखंडाच्या कणांशी अभिक्रिया करून जांभळे होते आणि पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ उतरताना दिसतात. ते वाळू देता येत नाही, म्हणून उन्हात हे काम एका वेळी एकाच पॅनेलवर करावे लागते. त्यानंतर क्ले, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी. हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या बॉनेटवरून बोटे फिरवून पाहा. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्रा बारीक वाळूच्या कागदासारखा खरखरतो. ही खरखर जाईपर्यंत ओल्या पृष्ठभागावर क्ले फिरवायची असते. शेवटी आरसे, दिवे आणि नंबरप्लेट यांच्या फटींतले पाणी हवेने बाहेर काढायचे, नाहीतर नेमका पॉलिश करतानाच तिथून थेंब ओघळतो. बोअरचे पाणी असेल तर क्षारांचे पांढरे डाग पडण्याआधीच पुसण्याची घाई वेगळी. माझ्या नोंदीत हे सगळे कधीही अडीच तासांच्या आत झालेले नाही.

सर्वांत मोठी चूक आहे ती पॉलिशच्या एका तासात. गाडीच्या रंगावर पारदर्शक क्लिअरकोटचा थर असतो आणि तो साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. धुळीने माखलेली गाडी रोज सकाळी एकाच फडक्याने पुसली की याच थरावर बारीक चरे उमटतात. रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला की प्रकाशाभोवती जे कोळ्याचे जाळे दिसते, ते हेच. पॉलिश म्हणजे हे चरे भरून काढणे नव्हे, तर आजूबाजूचा थर चऱ्याच्या तळापर्यंत अगदी थोडा झिजवून सपाट करणे. म्हणूनच आधी मीटर लावून प्रत्येक पॅनेलवरच्या रंगाची एकूण जाडी पाहावी लागते, आणि रबर व काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावावी लागते. एवढ्यालाच पाऊण तास सहज जातो.

मशीन एका वेळी साधारण दीड ते दोन फूट चौरस एवढ्याच भागावर चालवतात : उभे-आडवे मिळून चार ते सहा हात, तेही सावकाश, मग पुसणे आणि दिव्याखाली तपासणे. एका भागाला पाच मिनिटे धरली, तर ती सढळ म्हणता येणार नाहीत. माझ्या हॅचबॅकचे भाग मी मोजले आहेत : बॉनेट 6, टप 6, चार दरवाजे मिळून 12, पुढची मडगार्ड 2, मागच्या बाजू 4, दोन्ही बंपर 6 आणि डिकी 3, म्हणजे एकूण 39. प्रत्येकी पाच मिनिटे म्हणजे 195 मिनिटे, सव्वातीन तास. गाडी जुनी असेल तर आधी कंपाउंड (जास्त झिजवणारे जाडसर पॉलिश) आणि मग बारीक पॉलिश असे दोन फेरे होतात, म्हणजे साडेसहा तास. यात चहा धरलेला नाही.

मग एका तासात चकचकीत झालेल्या गाड्यांचे काय, असा प्रश्न कोणीही विचारेल. त्या चकचकीत दिसतात हे खरे आहे, पण बऱ्याचदा तिथे चऱ्यांमध्ये तेलकट फिलर भरलेले असते आणि चार-सहा धुण्यांत ते निघून जाऊन चरे जसेच्या तसे परत येतात. घाईने चालवलेले रोटरी मशीन तर उन्हात लाटांसारख्या दिसणाऱ्या नव्या खुणा सोडून जाते. अशा मजकुरासोबत गाडीचे फोटो असले, तर त्यातली गाडी ओली आहे का तेवढे पाहावे, कारण पाण्याचा पातळ थर चऱ्यांत बसला की दहा वर्षांची गाडीसुद्धा फोटोत शोरूममधून आल्यासारखी दिसते.

आतल्या सफाईला अर्धा तास पुरत नाही, पण काही गाड्यांत ती लवकर उरकते, एवढे मजकुरात खरे आहे. लेदरेटची सीट, घरात लहान मूल नाही, गाडीत कोणी खात नाही, अशा गाडीचे आतले काम दीड तासात नीट होते. इतरांनी एकदा सीट पुढे सरकवून खालच्या रुळांत डोकावावे. शेंगदाण्याची फोलपटे, अलिबागची वाळू, टोलची पावती आणि एखादे चिकट झालेले नाणे हमखास सापडते. कापडी सीट मशीनने धुतली की आतला फोम पूर्ण वाळायला पंखे लावूनही कित्येक तास लागतात. पावसाळ्यात तर हे काम शक्यतो टाळावे, कारण ओलसर सीट ठेवून काचा बंद केल्या की दोन दिवसांत कुबट वास येतो आणि तो काढायला पुन्हा तीच सीट धुवावी लागते.

चार माणसे लावण्याचा उपाय थोडाच उपयोगी पडतो. एकाने आतले आणि दुसऱ्याने बाहेरचे काम घेतले तर वेळ खरोखर वाचतो, पण चार माणसे लावली म्हणून फोम लवकर मुरत नाही आणि सीटही लवकर वाळत नाही. दोन सराईत माणसांना जुन्या हॅचबॅकसाठी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात हा वेळ मी रास्त मानतो. सहा महिन्यांची गाडी असेल तर एकाच फेऱ्याचे पॉलिश पुरते आणि ती दुपारी मिळायला हरकत नाही. ज्यांची गाडी दोन दिवस हात न लावता आवारात उभी राहिली, त्यांची तक्रार मात्र रास्त आहे. मीही एकदा तो अनुभव घेतला आहे.

राहिला सिरॅमिक कोटिंगचा मुद्दा, आणि तो सरळ चुकीचा आहे. कोटिंगआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या द्रावणाने पॉलिशचे तेल पूर्ण पुसून काढावे लागते. लावल्यानंतर पहिली रात्र गाडी धूळ आणि पाणी लागणार नाही अशा जागी उभी ठेवावी लागते, आणि पुढचे पाच ते सात दिवस ती धुवायची नसते, कारण थर पक्का होण्याची क्रिया तोवर चालूच असते. आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला येणाऱ्या काकांना मी सांगितले, ‘आठवडाभर माझ्या गाडीला फडका लावू नका’. तेव्हा त्यांनी काळजीने विचारले, ‘का हो साहेब, विकायला काढली का?’