पिशवी अर्धीच भरते

शेतकरी बाजारातून, म्हणजे शेतकरी आपला माल थेट विकतात तिथून, मी घरी आले की दर वेळी एकच होतं. माती लागलेली कंदमुळं, ताज्या जुड्या ओट्यावर मांडते, फोटो काढते (काढतेच, खोटं कशाला बोलू), आणि स्वयंपाकाला लागायचं म्हटलं की पुन्हा किराणा दुकान गाठते. मीठ, तेल, धान्य, मसाले यातलं काहीच त्या बाजारात नसतं.

त्यामुळे 'शेतकरी बाजार म्हणजे शहराची अस्सल खाद्यसंस्कृती' असं कुणी लिहिलं की मला राहवत नाही.

मुळात हा बाजार संस्कृती वगैरे जपायला निघालेलाच नव्हता. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलची गोष्ट घ्या. १९०६ ते १९०७ या एका वर्षात तिथे कांदा दहापट महागला. मधल्या दलालांवर लोक चिडले. तेव्हा थॉमस रेव्हेल या नगरसेवकाने शेतकऱ्यांना थेट रस्त्यावर माल विकू द्यावा असं सुचवलं. १७ ऑगस्ट १९०७ ला पाइक प्लेस या रस्त्यावर जेमतेम आठ-दहा गाड्या आल्या आणि दुपारच्या आत रिकाम्या झाल्या. त्या गर्दीला स्वस्त कांदा हवा होता, बस.

त्याच बाजाराची पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नंतरच्या दशकांत तिथे माल विकणाऱ्यांत जपानी वंशाचे शेतकरी मोठ्या संख्येने होते. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध सुरू असताना, सरकारने त्यांना छावण्यांत नेऊन ठेवलं आणि गाळे ओस पडले. शहर ज्या भाजीला 'इथली' म्हणत होतं, ती पिकवणारी कितीतरी घरं समुद्र ओलांडून आलेली होती! आणि भाज्या तरी कुठे जागच्या जागी राहिल्यात? मिरची, बटाटा, टोमॅटो ही तिन्ही अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या आधी बाकीच्या जगात एकाही शहराच्या चुलीवर ती चढली नव्हती.

शहरं वाढतात ती बंदरांवर, हमरस्त्यांवर. त्यांची चव घडते ती बाहेरून आलेल्या माणसांमुळे आणि टिकाऊ, वाळवलेल्या, लांबून आणलेल्या मालामुळे. मग अमुक मैलांच्या आत पिकलेलंच विकायचं हा नियम (ब्रिटनमध्ये साधारण ३० मैल, मोठ्या शहरांना थोडी सूट) शेतकऱ्याच्या दृष्टीने रास्त असेलही, पण त्या वर्तुळात शहराचं ताट मावत नाही.

दुसरी अडचण वेळेची. बऱ्याच ठिकाणी सुट्टीच्या सकाळी काही तासच. शहराचा रोजचा स्वयंपाक जे करतात, त्यातली बरीच माणसं तेव्हा कामावर असतात. पैशांचंही तसंच. अमेरिकेत गरिबांना मिळणारी अन्नकुपनं २००४ पर्यंत सगळीकडे कागदाऐवजी कार्डावर आली. उघड्यावरच्या बाजारांत ना वीज, ना टेलिफोनची लाइन, त्यामुळे कार्ड चालवायचं कुठे? ते गिऱ्हाईक तुटलं. बिनतारी यंत्रं येऊन ते परत जोडायला पुढे बरीच वर्षं गेली. कुणी मुद्दाम हाकललं नव्हतं हो, विचारच केला नव्हता!

एवढं बोलूनही मी जाते, कारण एक गोष्ट तिथेच मिळते. हातात अनोळखी पाला घेऊन 'हा करायचा कसा?' असं विचारलं की समोरची बाई आधी माझ्याकडे बघते, मग सांगते, 'देठ टाकू नका, सोला आणि आधी शिजायला घाला.' मग मागची गिऱ्हाईक मध्येच बोलते, तिच्याकडे वेगळी रीत असते, आणि दोघींची जुंपते. रांग खोळंबते. दुकानातल्या प्लास्टिकच्या पाकिटावर हे छापलेलं नसतं. खाद्यसंस्कृती म्हणायचीच असेल तर मी या भांडणाला म्हणेन.

म्हणून मैल थोडे सैल करा आणि शहरात येऊन वसलेल्यांनी केलेली लोणची, पापड, मसाले यांनाही दोन टेबलं द्या. शेतकऱ्याचा धंदा बसेल ही भीती खरी आहे, तेव्हा दोनच द्या. आणि आठवड्यातून एकदा तरी संध्याकाळी भरवा. आमच्या संयोजकांना मी हे दोनदा सांगून झालंय. 'बघू' म्हणालेत.