पंधरा दिवसांचे गुरुजी

आपले इंग्रजी बरे आहे, पंधरा दिवसांची रजा शिल्लक आहे आणि परदेशी विद्यापीठाच्या अर्जातील ‘सामाजिक कार्य’ हा रकाना मात्र कोरा आहे, असा तिहेरी योग ज्यांच्या पत्रिकेत जुळून आला असेल, त्यांनी वेळ न दवडता नेपाळच्या एखाद्या डोंगरी खेड्यात इंग्रजी शिकवायला जावे. ‘मग आपल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत का जात नाहीस?’ असा कुजकट प्रश्न घरातले आजोबा विचारतील. त्यांना सांगावे की महाराष्ट्राने २००० सालीच पहिलीपासून इंग्रजी सुरू केल्यामुळे इथला प्रश्न मिटलेला आहे. शिवाय वेल्ह्याला विमानतळ नाही आणि एसटीच्या तिकिटाच्या फोटोला कोणी विचारत नाही.

मुहूर्त मात्र जपून धरावा. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत गेलात, तर तिथेही दशैं आणि तिहार असतात आणि शाळेच्या अंगणात शेळ्यांखेरीज कोणी भेटत नाही. मे महिना उत्तम. तिथले शैक्षणिक वर्ष वैशाखात सुरू होते, त्यामुळे वर्गात मुले असतात आणि शिकवण्याचा फारसा तगादाही नसतो. रविवारी शाळा भरते, हे आधीच मनाशी पक्के करून ठेवावे, नाहीतर पहिल्याच रविवारी ‘आज कशी काय शाळा?’ म्हणून आपण अंथरुणातून विचारू आणि यजमानीणबाई संकोचून जातील. तिथे विक्रम संवत चालतो म्हणून फळ्यावरचे साल आपल्यापेक्षा छप्पन्न-सत्तावन्न वर्षांनी पुढचे असते, आणि घड्याळही आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. मागासलेल्यांना पुढे आणायला निघालेल्या माणसाने या दोन्ही गोष्टींकडे काणाडोळा करावा.

पूर्वतयारी म्हणून काहीही करू नये. १९६२ पासून अमेरिकेच्या पीस कोअरचे, म्हणजे सरकारी स्वयंसेवक योजनेचे, तरुण नेपाळात इंग्रजी शिकवायला येऊ लागले, तेव्हा त्यांना आधी नेपाळी भाषा शिकवीत आणि मग दोन-दोन वर्षे खेड्यात ठेवीत. त्या लोकांना दुसरे उद्योग नसावेत. आता एजन्सीचे पॅकेज असते. त्यात पंधरवड्याचे अध्यापन, चितवनचा गेंडा आणि पूनहिलचा सूर्योदय या तिन्हींची सोय एकाच रकमेत होते. ही एजन्सी आपल्याला टी-शर्टचे माप विचारते, शाकाहारी की मांसाहारी हे विचारते आणि पैसे आगाऊ भरायला सांगते. आपण यापूर्वी कधी कोणाला काही शिकवले आहे काय, किंवा लहान मुलांच्या वर्गात सोडण्याइतके आपले चारित्र्य धड आहे काय, असले खाजगी प्रश्न ती विचारत नाही. पर्यटक व्हिसावर येऊन बिनपगारी काम करायलाही नेपाळात मनाई आहे, ही चिंता गोऱ्यांनी करावी. आपल्याला व्हिसाच लागत नाही, तेव्हा नियम तरी कशाला विचारावेत?

एक अडचण मात्र आपल्यासारख्यांच्याच वाट्याला येते आणि तिचा मुकाबला धीराने करावा लागतो. मुले रांगेत उभी राहून ‘गुड मॉर्निङ सर’ असे एका सुरात म्हणतात, आपला सावळा चेहरा क्षणभर न्याहाळतात आणि पुढचे सगळे अस्खलित हिंदीत बोलू लागतात. टीव्हीने त्यांना ती भाषा कधीच शिकवलेली असते, तीही फुकट. त्यातून फळा देवनागरीत. ‘आजको पाठ’ हे शब्द पुण्याच्या माणसाला कळू नयेत, अशी काही व्यवस्था पाणिनीनेही करून ठेवलेली नाही. तरीही आपण काही कळत नसल्याचा चेहरा करावा. जे आपल्याला सहज वाचता येते, त्याच्या उद्धारासाठी एवढे पैसे भरले, हे घरच्यांना समजावून सांगणे अवघड जाते.

पहिला पाठ अवयवांचा घ्यावा. डोके, खांदे, गुडघे आणि पायाची बोटे दाखवीत म्हणायचे ते गाणे मुलांना येत असते. किंबहुना आपल्या आधी येऊन गेलेल्या प्रत्येक तुकडीने तेच शिकवल्यामुळे ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले येत असते. पण मुले समजूतदार असतात. आपला हात डोक्यावर गेला, की ती प्रथमच ऐकल्यासारखे डोळे मोठे करतात. चौथीतल्या एखाद्या मुलीने आपली वही पुढे केली, तर ती मागची पाने उलटून पाहू नये. तिथे पाच निरनिराळ्या हस्ताक्षरांत, पाच निरनिराळ्या शाईंत, ‘माय नेम इज’ हे एकच वाक्य लिहिलेले असते आणि प्रत्येकाखाली एक हसरा चेहरा काढलेला असतो. सहावा आपण काढावा. दुपारी भिंत रंगवावी. ‘एक्स फॉर झायलोफोन’ हे वाद्य त्या गावात कोणी पाहिलेले नसते, आपणही पाहिलेले नसते, पण मागच्या तुकडीने रंगवलेल्या झायलोफोनवर पांढरा हात मारून त्याच जागी नवा, अधिक रंगीत झायलोफोन काढण्यात जे समाधान आहे, ते अनुभवल्याखेरीज कळत नाही.

वरच्या वर्गांत मात्र चुकूनही जाऊ नये. तिथे दहावीची एसईई परीक्षा डोक्यावर असते. हिचेच पूर्वीचे नाव एसएलसी, आणि तिला लोक ‘फलामे ढोका’, म्हणजे लोखंडी दरवाजा, म्हणत. त्या दरवाजाशी उभा असलेला एखादा पोरगा आपल्याला थेट विचारतो, “सर, ‘लेट्स गो’ला क्वेश्चन टॅग कुठला लागतो?” आपण आयुष्यभर इंग्रजी बोललेले असतो, कंपनीत परदेशी ग्राहकांना दर आठवड्याला प्रेझेंटेशन देत असतो, आणि तरीही आपल्या तोंडून ‘इझन्ट इट’ असे काहीतरी निसटते. तेव्हा मागच्या बाकाजवळ आपलाच मोबाइल धरून आपले फोटो काढत उभे असलेले इंग्रजीचे सर, कोणाचा अपमान होणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणतात, “शॅल वी.”

या सरांशी जास्त बोलू नये. त्यांना सरकारी दरबंदी, म्हणजे मंजूर पद, मिळालेली नसते. शाळा त्यांना ‘निजी स्रोत’ नावाच्या आटत चाललेल्या झऱ्यातून पगार देते. आपण भरलेल्या पैशांतले किती त्या झऱ्यापर्यंत पोचतात, हे त्यांनाही ठाऊक नसते. आपण असेतोवर त्यांचे तास आपल्याकडे असतात आणि आपण गेल्यावर पंधरा दिवसांचा बुडालेला अभ्यास त्यांच्याकडे असतो. ही श्रमविभागणी न्याय्य आहे.

ज्यांना खेड्यापर्यंतची चढण झेपत नाही, त्यांच्यासाठी काठमांडू आणि पोखऱ्यात बालगृहे आहेत. पर्यटक जिथे जास्त, तिथेच अनाथ मुलेही जास्त आढळावीत, हा निसर्गाचा चमत्कार मानावा. माओवादी संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून दलालांनी ‘शहरात शिकवतो’ असे सांगून आईबापांकडून पैसे घेतले, मुले राजधानीत आणली आणि त्यांतल्या कित्येकांची अनाथ म्हणून नोंद केली. त्या मुलांचे आईबाप गावी जिवंत होते. तेव्हा बालगृहात इंग्रजीचा तास घेताना ‘माय फॅमिली’ हा धडा गाळावा.

गावातली मोठी मुले वर्गात दिसत नाहीत म्हणून खंत करू नये. ती कोरियन भाषेच्या शिकवणीला गेलेली असतात. दक्षिण कोरिया २००८ पासून भाषेची परीक्षा घेऊन नेपाळी कामगार नेतो, आणि तिथल्या कारखान्यात आपले अवयवांचे गाणे चालत नाही.

निरोपाच्या दिवशी कपाळाला टिका लागतो आणि गळ्यात सयपत्रीच्या, म्हणजे आपल्या झेंडूच्या, माळा पडतात. थोडे रडावे. मुलेही रडतील, त्यांना सवय आहे. खरी कसोटी त्या रात्री, यजमानांच्या स्वयंपाकघरात असते. पंधरा दिवस ज्यांच्याशी आपण खाणाखुणांनी आणि सावकाश, तोडून तोडून इंग्रजी बोलत होतो, ते यजमान चुलीशेजारी बसून भातावर डाळ वाढता वाढता विचारतात, “साहेब, पुण्यात कुठे?”

आपण दचकून कोथरूड म्हणतो.

“मी डहाणूकर कॉलनीत होतो. अकरा वर्षं, वॉचमन. तुम्हाला इंग्लिश बोलायचं होतं, म्हणून मी काही बोललो नाही.” मग आणखी एक पळी डाळ. “थोरल्याने यंदा दहावीची परीक्षा दिली. इंग्लिश चांगलं बोलतो. तुमच्या सोसायटीत रात्रपाळीला माणूस लागत असेल तर बघा ना.”

अशा वेळी ताटातल्या गुन्द्रुकाकडे, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीकडे, पाहावे आणि ते फारच चविष्ट झाले आहे, असे इंग्रजीत म्हणावे.