कपाटातल्या जुन्या मालिकांच्या डिस्क: आधी त्या शेवटपर्यंत वाचून घ्या

दूरदर्शनच्या जुन्या मालिकांच्या व्हीसीडी-डीव्हीडी ज्यांच्याकडे आहेत किंवा जे अजून शोधून शोधून घेतात, त्यांच्यासाठी ही पोस्ट. लांब आहे, पण कामाची आहे. डिस्क विकत घेतली म्हणजे मालिका आपल्याकडे आली, असं नसतं. ती डिस्क शेवटच्या सेक्टरपर्यंत (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहितीचा छोटा तुकडा) वाचून तिची जशीच्या तशी प्रत हार्ड डिस्कवर घेतली, म्हणजे ती आली. आणि हे काम आता पुढे ढकलण्यासारखं राहिलेलं नाही.

"सगळं यूट्यूबवर आहे की" असं लगेच कुणीतरी म्हणेल. प्रसार भारतीने तिथे बरंच काही टाकलंय, नोव्हेंबर २०२४ पासून त्यांचं 'वेव्हज' अ‍ॅपही आहे, आणि दोन्ही गोष्टींचा मला आनंदच आहे. पण ऑनलाइन दिसणारं चित्र मूळचं असेलच याची खात्री नसते. या मालिका ४:३ चौकटीत चित्रित झाल्या. आजच्या १६:९ टीव्हीचा पडदा भरावा म्हणून कुणी वरून-खालून कापलं, की चित्राचा पाव भाग गेला. न कापता ताणलं, की माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात. तिसरं नुकसान तर चटकन लक्षातही येत नाही. व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतलेल्या मालिकेत सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रं) असतात, म्हणजे हालचालीचे ५० वेगवेगळे क्षण. यूट्यूब ७२० पेक्षा कमी रेषांच्या व्हिडिओला सेकंदाला ५० फ्रेम देत नाही. त्यामुळे ५७६ रेषांची मालिका आहे तशी चढवली की निम्मी हालचाल गळून पडते. शिवाय एखादी मालिका कधी काढून घेतली जाईल, हे आपल्या हातात नाही.

म्हणून डिस्क. पण सगळ्या डिस्क सारख्या नसतात.

डीव्हीडीच्या सेटचा दर्जा खोकं न उघडताही बराचसा कळतो. एकूण मिनिटं भागिले डिस्कची संख्या, एवढंच गणित करायचं. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. दोन तासांचा मजकूर असेल तर सेकंदाला साधारण ५२ लाख बिट मिळतात, आणि ते चांगलं. त्याच डिस्कवर चार तास कोंबले तर २६ लाख. मग गर्दीच्या प्रसंगात, पाण्यावर, धुरात चौकोन दिसायला लागतात. 'महाभारत' ९४ भागांचं, भाग सरासरी ४५ मिनिटांचा धरला तर ४२३० मिनिटं. सेट १६ डिस्कचा असेल तर डिस्कमागे सुमारे २६४ मिनिटं. दोन थरांच्या ८.५ जीबीच्या डिस्क असतील तर ४३ लाख बिट पडतात, पाहण्यासारखं चित्र मिळतं. एकाच थराच्या असतील तर २४ लाख, आणि तो सेट दुसरा काहीच पर्याय नसेल तरच घ्यावा.

व्हीसीडीत मुळातच चित्र लहान: ३५२ बाय २८८, व्हिडिओला सेकंदाला साडेअकरा लाख बिट, एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटं. म्हणजे रेषा निम्म्या आणि हालचालही निम्मी. तरीही व्हीसीडी फेकू नका. एखादी मराठी मालिका किंवा दूरदर्शनवर झालेलं नाटक फक्त व्हीसीडीवरच निघालं असेल, तर आपल्यापुरती तीच मूळ प्रत.

आणखी एक सापळा एनटीएससीचा. आपलं प्रक्षेपण पॅल पद्धतीचं, ५७६ रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम. अनेक भारतीय डीव्हीडी मात्र परदेशातला ग्राहकही डोळ्यांसमोर ठेवून एनटीएससीमध्ये काढल्या गेल्या, म्हणजे ४८० रेषा आणि २९.९७ फ्रेम. हे रूपांतर स्वस्तात केलं असेल तर शेजारशेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळलेल्या असतात. चित्र थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवा. हलणाऱ्या हाताचे दोन पुसट हात दिसले, तर ते नुकसान कायमचं आहे, कुठल्याही सॉफ्टवेअरने ते नीट निघत नाही. एकाच मालिकेच्या दोन्ही आवृत्त्या मिळत असतील तर पॅलची घ्या. कुठली आहे ते मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर एका क्षणात सांगतं.

मुंबईच्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. आता खरेदी मुख्यतः जुन्या बाजारात, रद्दीवाल्याकडे किंवा ऑनलाइन. घेताना डिस्क उलटी करून खालची बाजू बघा. कारखान्यात छापलेली डिस्क चंदेरी असते, दोन थरांची असेल तर किंचित सोनेरी. निळसर-जांभळी झाक दिसली तर ती घरी बर्न केलेली आहे, मग वर कितीही सुबक छापलेलं असो. बर्न केलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. तो थर ऊन आणि उष्णतेने बिघडतो. अशा डिस्क आधीच घरात असतील तर प्रत घेण्याच्या रांगेत त्या पहिल्या.

मग डिस्क दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर चंदेरी थर गेलाय. इथे व्हीसीडी आणि डीव्हीडीत मोठा फरक आहे. व्हीसीडीचा अ‍ॅल्युमिनियमचा थर वरच्या, छापील बाजूला, नुसत्या लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. खालचा ओरखडा एकवेळ चालतो, वरचा चालत नाही. म्हणून व्हीसीडीवर बॉलपेनने नाव लिहू नका, चिकटपट्टी लावू नका आणि आधीची चिकटलेली असेल तर ओढून काढू नका. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या गोंदाने जोडलेल्या असतात आणि माहिती मधोमध सुरक्षित असते. पण डिस्क वाकवली की तो जोड कडेने सुटायला लागतो. खोक्यातून काढताना कडा धरून उपटू नका. मधली खुंटी दाबा, डिस्क आपोआप सुटते.

डीव्हीडी नीट चालते का हे बघायला लोक पहिला भाग लावतात. त्यातून फारसं काही कळत नाही. डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि खराबी बहुधा बाहेरच्या कडेला सुरू होते. एका थराची, भरलेली डिस्क असेल तर शेवटचा भाग लावून बघा. दोन थरांची असेल तर वाचन मध्यावर कडेपर्यंत जाऊन पुन्हा आत येतं, म्हणून मधला भाग बघा. तिथे एकदाच क्षणभर चित्र थबकलं तर घाबरू नका, थर बदलताना तेवढं होतंच.

धुण्यासाठी साधं पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि चष्म्याचं मऊ फडकं पुरतं. पुसायचं मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं तर पडणारा ओरखडा वाचनाच्या दिशेनेच लांबत जातो आणि चूक-दुरुस्तीला तो झेपत नाही. टूथपेस्ट नको. ठेवताना डिस्क उभ्या ठेवा. मऊ पीव्हीसीचे पारदर्शक खिसे डिस्कला चिकटतात, पॉलिप्रोपिलीनचे घ्या. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल ठेवा, आणि ते जेल वेळोवेळी तापवून पुन्हा कोरडं करत जा.

आता मुख्य काम. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह लागेल. जमल्यास दोन वेगळ्या कंपन्यांचे घ्या, कारण एकाला न वाचलेली डिस्क दुसरा वाचतो, हे नेहमीचं आहे. डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागापुरतीच चालावी म्हणून तिला विभाग-क्रमांक असतो. भारताचा विभाग ५. संगणकाचा ड्राइव्ह विभाग फक्त पाच वेळा बदलू देतो, मग शेवटचा कायम होतो. परदेशातून आणलेल्या सेटसाठी तो उगाच बदलत बसू नका.

डीव्हीडीसाठी डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरूनही प्रत काढणारं सॉफ्टवेअर वापरा. ब्लॉकचा आकार २०४८ ठेवा. पहिल्या फेरीत सहज वाचता येईल तेवढंच वाचू द्या, खराब जागा खरवडत बसू देऊ नका. दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या जागा, तीन प्रयत्नांसह. सोबतची नोंद-फाइल अजिबात पुसू नका. कुठले सेक्टर आले आणि कुठले राहिले हे तिच्यात असतं, आणि तिच्याच जोरावर तेच काम दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालू करता येतं. डिस्कला कुलूप (कॉपी करू न देणारं संरक्षण) असेल तर आधी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ती एकदा चालवा. नाहीतर ड्राइव्ह चांगले सेक्टरही नाकारतो आणि डिस्क मेली असं वाटतं.

व्हीसीडीला ही पद्धत चालत नाही. साध्या डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती असते आणि २७६ बाइट चूक-दुरुस्तीसाठी राखलेले असतात. व्हीसीडीने ती राखीव जागाही चित्रासाठी वापरली, म्हणून तिथे सेक्टरमागे २३२४ बाइट. जास्तीचं संरक्षण नाही, त्यामुळे व्हीसीडी लवकर अडखळते, आणि विंडोजमध्ये व्हीसीडीवरची डॅट (चित्राची) फाइल ओढून कॉपी केली की पहिल्याच खराब जागी कॉपी थांबते. आयसोबस्टर किंवा सीडीआरडीएओ या सॉफ्टवेअरने बिन (माहिती) आणि क्यू (तिची मांडणी) अशी फाइलींची जोडी काढा. वाचनाचा वेग कमी ठेवा.

डीव्हीडीची प्रत ४ ते ८ जीबीची. १०० डिस्क म्हणजे फार तर ८५० जीबी, एका टेराबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये मावल्या. अशा दोन हार्ड डिस्क करा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. पाहण्यासाठी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये बीडब्ल्यूडिफ (फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवणारी सोय) 'बॉब'वर ठेवून ५० फ्रेमची वेगळी फाइल बनवता येते. एआयने चेहरे गुळगुळीत करून मूळ प्रत पुसायचा मोह होईल. तसलं हवं तर जरूर करा, पण मूळ प्रतीला हात लावू नका. 'भारत एक खोज'मध्ये नसीरुद्दीन शाहांनी केलेला शिवाजी त्या काळच्या चित्रातल्या दाणेदारपणासकट, त्या काळच्या प्रकाशात दिसला पाहिजे. ५३ भागांचं ते काम श्याम बेनेगलांनी ज्या चौकटीत बसवलं, त्याच चौकटीत ते राहावं.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला जागा आहे, आणि २०१२ साली आलेलं कलम ६५ए कुलूप तोडण्याबद्दल बोलतं ते हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूला धरून. स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची प्रत स्वतःपुरती ठेवा. ती विकू नका, टेलिग्रामवर टाकू नका.

एवढा खटाटोप घरच्या माणसांनी का करायचा, तर संस्थांवर सगळं सोडून चालत नाही म्हणून. बीबीसीने साठच्या दशकातल्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे कित्येक भाग पुसून टाकले. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, तो प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करून ठेवला म्हणून.

आणि ९८ टक्केच वाचली गेलेली डिस्क टाकून देऊ नका. अपुरी प्रत आणि तिची नोंद-फाइल एकत्र ठेवा, शेजारी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मालिका, भाग, डिस्कच्या आतल्या कड्यावरचा क्रमांक आणि कुठल्या मिनिटाला चित्र तुटतं ते लिहा. एकाच छपाईच्या दोन डिस्क सहसा एकाच जागी खराब होत नाहीत. दुसऱ्या कुणाकडे तीच छपाई निघाली, तर ती डिस्क ड्राइव्हमध्ये घालून त्याच नोंद-फाइलसह डीडीरेस्क्यू पुन्हा चालवायचं. राहिलेले सेक्टर तेवढे त्या डिस्कवरून भरले जातात.