परतीचे दोर कापू नका

"परतीचे दोर कापून टाक, मगच माणूस लढतो." गाव सोडून मुंबईला निघालेल्या प्रत्येकाला हे वाक्य कुणीतरी ऐकवतंच. मलाही ऐकवलं होतं, तेही ज्यांनी आयुष्यात लातूर सोडलं नाही अशा लोकांनी. सूर्याजींनी कोंढाण्यावर दोर कापले ती गोष्ट लहानपणापासून ऐकलीये आणि अजूनही अंगावर काटा येतो, पण ती लढाई एका रात्रीची होती हो. इथं घरभाडं दर महिन्याच्या पाच तारखेला उभं राहतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या मावसभावाचा पोरगा. तेवीस-चोवीसचा आहे, हुशार आहे, आणि म्हणतोय की वाटणीची दोन एकर विकतो, पैसे घेऊन मुंबईला येतो आणि धंदा टाकतो. कसला धंदा ते अजून ठरायचंय. आणि माझ्याकडे बोट दाखवून घरच्यांना सांगतोय, काका नाही का गेला चाळिशीत, त्याचं काय वाईट झालं?

तर काकाचं काय झालं ते काकाच सांगतो.

लातूरला मी दाळमिलमध्ये हिशेब बघायचो. पगार बेताचा पण घर स्वतःचं, आई जवळ, बायकोची ब्लाउज शिवायची बांधलेली गिऱ्हाइकं. मुंबईचं डोक्यात आलं २०१६ च्या उन्हाळ्यात, म्हणजे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली पाच लाख लिटरची, अख्ख्या देशाच्या टीव्हीवर आमचं गाव, आणि मी घागर घेऊन लायनीत उभा राहून विचार करतोय की आपण इथंच का थांबलोय. प्रत्यक्षात निघालो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, ओळखीतून लोअर परळच्या एका ऑफिसात अकाउंट्सचं काम मिळालं तेव्हा. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. लोक पोरांना डॉक्टर करायला महाराष्ट्रभरातून लातूरला आणून ठेवतात, आणि हा पोरगी आठवीत असताना लातूरहून चाललाय! बोलण्यात तथ्य होतं, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मुंबईत शिरायला काय लागतं ते दोन एकरवाल्यानं नीट वाचावं. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, डिपॉझिट वेगळं, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं वेगळं, आणि अकरा महिने झाले की भाडं वाढवून परत तेच चक्र. आम्हाला भांडुपला चाळीत खोली मिळाली. गंमत बघा, महापालिकेचं एवढं मोठं पाणी शुद्ध करायचं केंद्र भांडुपलाच, अर्ध्याहून जास्त मुंबई तिथलं पाणी पिते, आणि आमच्या नळाला पाणी सकाळचे दोन तास. शेजारचे रोज वैतागतात. आम्हाला मात्र आठ-दहा दिवसांनी नळ यायची सवय, त्यामुळे रोज पाणी येतं हेच बायकोला खरं वाटत नव्हतं, अजूनही ती ड्रम भरून वर दोन कळश्या भरून ठेवते, उद्याचं कुणी सांगितलंय म्हणते.

माझं ऑफिस आहे ते जुन्या गिरणीच्या आवारात. काचेची बिल्डिंग, आणि खिडकीतून एक चिमणी दिसते, तेवढीच उरलीये. करी रोडला उतरून चालत जाताना तिथल्या जुन्या चाळींमधल्या एका म्हाताऱ्या गिरणी कामगारांची ओळख झाली, संगमेश्वरकडचे, चहाच्या टपरीवर भेटतात. त्यांच्याकडून मला कळलं की मुंबईत यायचं म्हणजे काय असतं.

त्यांचे वडील बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरले तेव्हा खिशात काही नव्हतं, पण गावकीची खोली होती. एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली, पंधरा-वीस जण, एक पाळी कामावर असताना दुसरी झोपणार. जेवायला खानावळ, ती चालवणारी बाई बहुतेक ओळखीतलीच, पैसे पगार झाल्यावर. (याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणगावाचं पोट या बायकांच्या जिवावर चालत होतं, आणि आपण भाषणं फक्त भोंग्याची करतो.) कामाचं म्हणाल तर गाववालाच ओळखीनं बदली कामगार म्हणून चिकटवून देणार. आणि गावाकडे बायको, म्हातारी, भाताचं वावर. गणपतीला आणि शिमग्याला हा माणूस गावी जाणारच, काही झालं तरी.

आपण या लोकांना हिंमतवान म्हणतो. ते होतेच, पण दोर कुणी कापले नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. तेव्हा हजारो लोक गावी गेले आणि वावरावर, नाचणी-भातावर दिवस काढले. टपरीवरचे बाबा म्हणाले, "जमीन होती म्हणून आम्ही जगलो. ज्यांची नव्हती त्यांचं काय झालं ते विचारू नकोस."

म्हणून मी लातूरचं घर विकलं नाही. दोन खोल्या क्लासला आलेल्या पोरांना भाड्यानं दिल्यात, आई त्यांना डबा देते, आणि त्या भाड्यातून भांडुपचं जवळजवळ अर्धं भाडं निघतं. म्हणजे ज्या लातूर पॅटर्नमधून मी पोरगी बाहेर काढली त्याच पॅटर्नवर मी मुंबईत टिकलोय, हसायचं तर हसा. दाळमिलच्या शेठनी निघताना सांगितलं होतं, जमलं नाही तर परत ये. ते एक वाक्य माझ्या पगारापेक्षा मोठं आहे.

पण दोर राखायलाही किंमत पडते, ते लपवत नाही. एवढा काळ झाला तरी आम्ही धड कपाट घेतलं नाही, "बघू, राहायचं ठरलं की घेऊ". पोरीनं एकदा सरळ विचारलं, पप्पा आपण इथं राहणार आहोत की नाही ते एकदा सांगा, म्हणजे मी मैत्रिणी करू की नको ते ठरवते. काय सांगणार? आई तिकडे साठीच्या पुढे परक्या पोरांच्या पोळ्या लाटतेय आणि मी इथं लोकलमध्ये लटकून म्हणतोय की कुटुंबासाठी करतोय.

निर्णय बरोबर होता का? पगार बघितला तर हो. रविवारी संध्याकाळी विचारलं तर माहीत नाही. आणि खरं तर हा प्रश्न मला विचारूच नये, कारण यायचं मी ठरवलं, आणि ठरवणाऱ्याला आपलं बरोबरच वाटतं. मी कुणाला फोनवर "एकदम मस्त चाललंय" म्हटलं की बायको मागून म्हणते, "माझ्या वतीनं नका सांगू." तिची लातूरची वीस वर्षांची गिऱ्हाइकं गेली, इथं खालच्या मजल्यावरच्या फॉल-पिकोपासून सुरुवात केली तिनं. जोखीम घेतली मी, हप्ते भरतेय ती.

तर बाळा, तू हे वाचशीलच. येऊ नको असं मी म्हणत नाही, मी कोण म्हणणारा. जमीन मात्र विकू नको, दोन वर्षं बटईनं दे. आधी एकटा ये, नोकरी धर, हे शहर कसं पैसे खातं ते बघ, मग धंद्याचं बोलू. आणि खोली बघायची तर जुलैत बघ, कुठली भिंत गळते आणि कुठल्या गल्लीत पाणी तुंबतं ते ब्रोकर उन्हाळ्यात सांगत नाही. पहिला महिना आमच्याकडे झोप, जागा नाहीये पण होईल.

आणि भांडुप, कांजूर, मुलुंड साइडला कुणाच्या माहितीत एका पोरासाठी कॉट बेसिसवर सोय असेल, घरगुती, डिपॉझिट कमी, तर इनबॉक्स करा. व्हेज-नॉनव्हेज काही अट नाही त्याची.