बायकांच्या हातात मशीन द्या, लोणचं त्यांना येतं

आज पंचायतीच्या हॉलमध्ये महिला शेतकरी मेळावा होता. तिथून आले ती थेट लिहायलाच बसले, कारण उद्यापर्यंत राग निवेल आणि तो निवायला नको आहे.

स्टेजवर ओळीने पुरुष, खाली आम्ही बायका. प्रत्येक भाषणात अन्नपूर्णा. मग प्रशिक्षण. कसलं? बिंबलांचं लोणचं आणि फणसाचे पापड. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या बायकांना फणसाचे पापड शिकवायला माणसं गाडी करून आली होती! त्याच वेळी बाहेर मैदानात नांगरणीचा पॉवर टिलर आणि गवत कापायची मशीन दाखवणं चालू होतं. तिथे सगळे पुरुष. त्यातले कितीतरी शेतात पाय न ठेवणारे, चेहरे ओळखीचे आहेत माझ्या.

शेजारची काकी सोबत होती. ती पापडाच्या टेबलावरून उठली आणि सरळ टिलरजवळ गेली. हँडल धरायला हात पुढे केला, तर दाखवणारा मुलगा म्हणाला, "काकी, तुम्ही नको. झेपणार नाही तुम्हाला. घरच्या कोणाला तरी पाठवा."

घरच्या कोणाला! काका जाऊन कितीतरी वर्षं झाली, मुलगा बोटीवर. ते कुळागर, म्हणजे पोफळी-माड-मिरीची बाग, आज उभं आहे ते या बाईच्या जिवावर. पाटाचं पाणी कधी कुठल्या पोफळींना फिरवायचं, मिरवेल कुठल्या झाडावर चढवायची, सगळं तिच्या डोक्यात.

सुपारीला कोळेरोग लागू नये, फळं सडून गळू नयेत म्हणून पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण मारतात, तुम्हाला माहीतच आहे. ते काकी स्वतः करते. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत कालवायचे, मग मोरचुदाचं निळं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं. झालं की ती कोयत्याचं पातं आत बुडवते आणि उन्हात धरून बघते. पात्यावर तांबूस झाक आली तर चुना कमी पडला, अजून घालायचा. कृषीच्या पुस्तकातही हीच परीक्षा दिलेली आहे. आणि या बाईला टिलर झेपणार नाही!

मिश्रण तयार असतं, पण फवारणार कोण? वर चढणारा माणूस कर्नाटकातून येतो, आला तर आला. तोवर पाऊस सुरू होतो आणि कोवळी सुपारी खाली सडा पडते. आता जमिनीवर उभं राहून फवारायची लांब दोटी, म्हणजे काठी मिळते, कार्बन फायबरची. ती पेलणं सोपं नाही, मान्य. म्हणून तर शिकवायची! नारळ विकास मंडळाने 2011 साली फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा केरळात बायकासुद्धा चढायचं यंत्र पायाला लावून माडावर चढायला शिकल्या, त्यावर रोजगार कमावू लागल्या. आमच्याकडे नारळ पाडणारा पाडेली मिळत नाही म्हणून नारळ झाडावर सुकतात आणि आम्ही बायकांना पापड लाटायला बसवतो. केंद्राची नमो ड्रोन दीदी योजना आहे, 15,000 बचत गटांना ड्रोन द्यायचे, 15 दिवसांचं प्रशिक्षण. बाई ड्रोन उडवील यावर दिल्लीचा विश्वास आहे. टिलर मात्र नको.

हो, लोणच्या-पापडावर घरं चालतात. माझी आईही विकायची. पण ते आम्हाला येतं ना! जे येत नाही ते शिकवा. इंजिन उघडून दाखवा, माती परीक्षणाचा कागद वाचायला शिकवा.

काकीचीच गोष्ट पुढे सांगते. त्या मुलाने नंतर तिच्यासमोर फॉर्म धरला, "जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव कोणाचं?" सासऱ्यांचं. ते वारून जमाना झाला. समान नागरी कायद्याची फुशारकी आपण गोंयकार देशभर मारतो, लग्न झालं की मालमत्ता दोघांची म्हणतो. कायदा चांगलाच आहे, नाही म्हणत नाही मी. पण उताऱ्यावर नाव चढवायला बाईने कितीदा मामलेदार कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायच्या? कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथनांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्क विधेयक आणलं होतं, 2011 चं. जमीन नावावर असो नसो, शेतात राबणाऱ्या बाईला शेतकरी म्हणून दाखला मिळावा, असं त्यात होतं. ते बारगळलं. आता संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. आजच्या बॅनरवरही ते छापलं होतं, नेत्यांच्या फोटोंच्या खाली, बारीक अक्षरात.

लिहिता लिहिता भाची आठवली. सुळकर्ण्याच्या कृषी महाविद्यालयात आहे ती. 2015 मध्ये ते सुरू झालं नसतं तर तिला गोव्याबाहेर जावं लागलं असतं आणि घरच्यांनी पाठवलंच नसतं. चतुर्थीला घरी आली तर एक आत्या म्हणाली, चिखलात हात घालायला डिग्री कशाला? पोर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी काकीच्या कुळागरात जाऊन बसली, दोघी मिरवेलींची पानं उलटीपालटी करून बघत होत्या. काकी तिला विचारते आणि ती काकीला. मला इतकं बरं वाटलं ना ते बघून! अशा मुलीला उद्या कृषी अधिकारी व्हायचं आहे, कोणाला रेंजर व्हायचं आहे. त्यांना "बँकेची परीक्षा दे" सांगणं बंद करा, एवढं तरी करा.

प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असते, गावातल्या झाडापेडांची, बियाण्यांची नोंदवही ठेवणारी. 2004 च्या नियमांत तिच्यात निदान एक तृतीयांश बायका हव्यात असं लिहिलेलं होतं. बऱ्याच ठिकाणी बाईचं नाव असतं आणि वहीत सही घ्यायला माणूस घरी येतो. पावसातली रानभाजी कुठे उगवते, तवशाचं बी राखेत घोळून कसं ठेवायचं, हे त्या नोंदवहीत कोण सांगणार? ठेकेदार? या कामाचं मानधन द्या बायकांना, नोंदी करायला शिकवा, भाचीसारख्या पोरींना तिथे काम द्या.

येत्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे: पुढचं प्रशिक्षण टिलर आणि दोटीचं, बायकांसाठी, बायकांच्या सोयीच्या वेळेला, म्हणजे दुपारी तीननंतर. गावातल्यांनी या, नुसते लाइक नकोत. आणि केरळात माडावर चढायचं शिकलेली किंवा शिकवणारी बाई कोणाच्या ओळखीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. राहायची-जेवायची सोय माझ्या घरी.